इतिवृत्त

स्प्लिटच्या नगरपालिकेत मी सभांची टिपणं घेते.
प्रत्येकाला तीन मिनिटं; घंटी माझ्याकडे.
आजचा विषय, कलम सात:
राहत्या इमारतीत पर्यटकांना रात्रीवर खोल्या द्यायच्या
तर शेजाऱ्यांची संमती हवी की नको.
खिडक्या उघड्या. खाली दगडी फरसबंदीवर
चाकांच्या बॅगा. खडखड. थांबतात. पुन्हा खडखड.
इतिवृत्तात हे येत नाही.

पहिली टोंका रादमन, वय ब्याऐंशी.
भाषण लिहून आणलं होतं, चष्मा घरी.
म्हणाली, आमच्या जिन्यात अकरा दारं,
नऊ दारांशेजारी आकड्यांची डबी, डबीत किल्ली.
एक दिवस पाहुणा, दुसऱ्या दिवशी पै,
पुढचं तुम्हाला ठाऊक आहे.
आमचे तिसऱ्या दिवशी निघतात, अक्कल शाबूत ठेवून,
चौथ्या दिवशी नवे हजर.
अक्कल जाते ती माझी, रोज कुणाला तरी सांगून
की जिन्यातलं बटण डावीकडे आहे.
सभागृह हसलं. मी लिहिलं: हशा.
मग म्हणाली, जानेवारीत मी न्हाणीघरात पडले.
सपाता भिंतीवर आपटत राहिले, दोन तास.
नऊ दारं रिकामी.
दहावं कुझ्मानिचचं, तो ठार बहिरा.
मी काही लिहिलं नाही. शांततेला आमच्याकडे शब्द ठरलेला नाही.

मग याक्शा, गोदीतला वेल्डर. होता.
गोदी बंद पडली तेव्हा
माझी संमती विचारायला कोण आलं होतं?
आई गेली. तिच्या खोलीला पांढरा रंग मारला,
भिंतीवर नांगराचं चित्र, त्यांना नांगर आवडतात.
त्या खोलीनं पोरीचे दात सरळ केले, छप्पर केलं.
उन्हाळाभर आम्ही चौघं तळघरात झोपतो.
हौस नाही आम्हाला तळघराची.
घंटी मी अर्धा मिनिट उशिरा दिली.

हॉटेलवाल्यांचा वकील बोलला.
त्याचं सगळं शब्दशः आहे, प्रत छापूनच आणली होती.

शेवटी पेरिना मात्कोविच, तिसरीची शिक्षिका.
तिचे करार सप्टेंबर ते मे.
एकतीस मे उजाडला की विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर:
मांजर, सात कुंड्या, तपासायच्या वह्या.
सात वर्षांत सात घरं.
तिसरीला एक धडा आहे, म्हणाली, आपला पत्ता लिहा.
मुलं लिहितात. मग एखादं विचारतं,
बाई, तुमचा?

आणि तिनं माझ्याकडे पाहिलं.
सभापतींकडे बघून बोलायचं असा नियम आहे.
सहावं घर माझं होतं.
आत्याकडून आलेलं, डोंगराच्या अंगाला, गच्चीतून थोडासा समुद्र.
तिच्या कुंड्या मी स्वतः चार मजले खाली नेऊन दिल्या,
एवढी माणुसकी दाखवली.
मग वर जाऊन चादरी बदलल्या.
तीन मिनिटं झाली. ती थांबून राहिली, माझ्या हाताकडे बघत.
मी घंटी वाजवली.

कलम सात पुढच्या सभेवर ढकललं.
बाजूनं सहा, विरुद्ध सहा, तटस्थ बरेच.

संध्याकाळी फोन: डॅनिश जोडप्याला कुलूप उघडेना.
गेले, किल्ली जरा वर उचलून फिरवली, उघडलं.
ती दोघं गच्चीत समुद्र शोधायला गेली
आणि मी पलंगाच्या वरच्या भिंतीवरून बोट फिरवलं.
करारात मीच टाइप केलं होतं, खिळे ठोकू नयेत.
एक होता.
जाताना तिनं भोक टूथपेस्टनं बुजवलेलं,
पांढऱ्यात पांढरं, नखाला लागलं म्हणून कळलं.
खिळा जाड असावा.
चित्रासाठी एवढा लागत नाही. घड्याळासाठी लागतो.